ग्रँड मेसावर सहा दिवस: खिशाला झेपेल अशी पहिली एल्कची शिकार

जून ते ऑक्टोबर, आठवड्यातून तीनदा ऑफिसच्या इमारतीचे जिने आणि रविवारी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावाजवळच्या टेकड्या. पाठीवरच्या सॅकमध्ये बासमतीच्या वीस-वीस पौंडांच्या दोन पिशव्या. मी आणि माझा मेहुणा पाच महिने हेच करत होतो. एल्कच्या शिकारीची आमची खरी तयारी ही. बंदूक, तंबू, लायसन्स हे सगळं त्यानंतरचं.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण अंगानं कितीतरी थोराड. मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते, नर तीनशेच्या पुढे जातो. एवढं जनावर डोंगरात पडलं की ते गाडीपर्यंत पाठीवरून आणायचं असतं. कोलोरॅडोत कायदा स्पष्ट आहे: खाण्याजोगं मांस रानात टाकून येता येत नाही. म्हणून खर्चाचा विचार करताना आम्ही दोन हिशेब मांडले, एक खिशाचा आणि एक पाठीचा. खिशाचा हिशेब चुकला तर महिनाभर काटकसर करून भरून निघतो. पाठीचा चुकला तर जिवानिशी गेलेल्या जनावराचं मांस रानात सडतं. आमचं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं, गाडीपासून दीड किलोमीटरच्या पलीकडे आणि खोल दरीत गोळी झाडायची नाही, समोर काहीही उभं असो.

आमचं गाव राधानगरीच्या पट्ट्यातलं. दाजीपूरचं रान एकेकाळी कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान होतं. आम्हाला मात्र ठाऊक ते उसात घुसणारे गवे आणि रात्रभर माळ्यावर बसून राखण करणारे आजोबा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं भारतात शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. त्यामुळे आमच्या पिढीनं शिकार फक्त ऐकली. इथे आल्यावर वेगळीच व्यवस्था दिसली. शंभर वर्षांपूर्वी कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते, तेव्हा वायोमिंगहून कळप आणून सोडावे लागले. आज राज्यात सुमारे २,८०,००० एल्क आहेत, अमेरिकेत कुठल्याच राज्यात इतके नाहीत. त्यामागे लायसन्सचे पैसे आहेत, आणि रायफली व काडतुसांवरचा ११ टक्के कर आहे, जो १९३७च्या कायद्यानं याच कामाला लावला. तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. मला हे पटलं. मांस मी खातोच. ते निदान एकदा तरी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोळ्यांदेखत आणावं असं बरीच वर्षं मनात होतं.

आता खिशाचा हिशेब. वाटाड्या, घोडे, जेवणखाण असं सगळं घेऊन शिकारीला गेलं तर माणशी पाच हजार डॉलरच्या पुढे जातात. तो रस्ता आमच्यासाठी नव्हताच. आम्ही राज्याचे रहिवासी असल्यामुळे एल्कचं लायसन्स साठ-सत्तर डॉलरात मिळालं. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला नराच्या लायसन्सला सातशेच्या वर मोजावे लागतात, तेव्हा टेक्सास-कॅन्ससहून येणाऱ्यांनी आधी हा आकडा धरून चालावं. माझं लायसन्स नराचं, दुसऱ्या रायफल हंगामाचं (रायफलनं शिकार करायचे ठरावीक हंगाम असतात, त्यांतला दुसरा), हे दुकानात सरळ विकत मिळतं. मेहुण्यानं एप्रिलच्या पहिल्या मंगळवारच्या मुदतीआधी सोडतीत अर्ज टाकून मादीचं मिळवलं होतं. मादीचं लायसन्स मोजकंच निघतं, कळपाची संख्या त्यावरच आटोक्यात ठेवतात. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे आधी शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स पूर्ण करावा लागतो. तो आम्ही हिवाळ्यात उरकला. आणि एक सांगून ठेवतो: व्हिसावर असणाऱ्यांसाठी बंदुकीचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते नीट समजून घेतल्याशिवाय मित्राची रायफलसुद्धा हातात घेऊ नका. आम्ही दोघं नागरिक झाल्यावरच या वाटेला गेलो.

रायफल मी जुनी घेतली, .३०८ मापाच्या गोळीची साधी बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हातानं दांडा ओढायची, माझ्या पार्श्वभूमीची तपासणी होऊन चारशे डॉलरला. तंबू घरातलाच, उन्हाळ्यात मुलांना घेऊन वापरतो तो. चार डॉलरची ताडपत्री वरून. भगवी जॅकेटं आणि टोप्या सवलतीत. इथे ५०० चौरस इंच भगवा किंवा गुलाबी चमकता रंग अंगावर आणि तसाच डोक्यावर लागतो. पैसे हातचं न राखता खर्च केले ते दोनच गोष्टींवर, बूट आणि मांसाच्या जाळीदार कापडी पिशव्या. बुटांबद्दल पुढे सांगतो.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर २०२४

पहाटे पाचला निघालो. आय-७० महामार्गानं पश्चिमेला, आयझेनहॉवर बोगदा, ग्लेनवूडची घळ, मग कोलोरॅडो नदीच्या काठानं. रायफल नावाचंच एक गाव वाटेत लागतं, तिथे पेट्रोल भरलं. पुढे महामार्ग सोडून ६५ नंबरच्या रस्त्यानं आत वळलं की ग्रँड मेसा समोर उभा राहतो. मेसा म्हणजे टेबलासारखा सपाट माथ्याचा डोंगर, आणि अशा डोंगरांत हा जगातला सर्वांत मोठा म्हणून ओळखला जातो. माथा १०,००० फुटांच्या वर, लाव्हाच्या थरानं झाकलेला, त्यावर तीनशेहून जास्त तळी. सह्याद्रीच्या माणसाला तो पाहताक्षणी आपला वाटतो. वर काळा कातळ, खाली उतरती रानं. मला तर पाचगणीचं टेबललँड कुणीतरी शंभरपट मोठं करून ठेवल्यासारखं वाटलं.

आम्ही जुलैमध्ये आणि सप्टेंबरात दोनदा येऊन जागा बघून गेलो होतो. हे दोन शनिवार-रविवार पेट्रोलच्या पैशात सर्वांत महाग पडले आणि सर्वांत जास्त उपयोगी ठरले. कोलब्रान गावाच्या वर, सुमारे ९,००० फुटांवर, राष्ट्रीय वनातल्या एका जुन्या वाटेच्या कडेला फुकट मुक्काम करता येतो. तिथे तंबू ठोकला. आमच्याआधी दोन तळ पडलेले होते. मेहुण्याचं तोंड उतरलं.

"दाजी, एवढी माणसं असतील तर जनावर राहील का?"

"माणसं असली की जनावर हलतं. हलणारं जनावर दिसतं," मी म्हणालो. जुलैत भेटलेल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं मला हे सांगितलं होतं, माझ्या पदरचं काही नाही.

जेवायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खर्डा. हिनं पाच दिवसांच्या दशम्या बांधून दिल्या होत्या. निघताना एवढंच म्हणाली होती, "सोमवारी वसुबारस आहे, लक्षात असू दे. आणि गुरुवारी अभ्यंगस्नानाला घरात पाहिजेत दोघं."

रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. स्वस्तात घेतलेल्या स्लीपिंग बॅगनं मध्यरात्रीच हात टेकले. पिशवीवर लिहिलेलं तापमान म्हणजे झोप लागेल ते तापमान नव्हे, हे तेव्हा कळलं. वाचवलं ते घोंगड्यानं. आईनं दहा वर्षांपूर्वी बरोबर दिलेलं काळं घोंगडं, पट्टणकोडोलीच्या यात्रेत घेतलेलं. ओलं झालं तरी ऊब सोडत नाही. पुढचे पाच दिवस ते अंगावर होतं, खाली होतं, आणि एकदा मांसाखालीही होतं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

हंगामाचा पहिला दिवस. साडेचारला उठलो. सूर्योदय साडेसातच्या पुढे, आणि गोळी चालवायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून. अंधारात तासभर चालून ॲस्पेनच्या राईच्या कडेला बसलो. पानं सगळी गळलेली, पांढरी खोडं तेवढी उभी. उजाडू लागलं तशा खालच्या अंगाला भगव्या टोप्या दिसायला लागल्या. मी सात मोजल्या. लांबून दोन बार ऐकू आले.

नऊ वाजता वारा फिरला. या शिकारीत मी जे शिकलो त्यात पहिला धडा हाच. डोंगरात सकाळी थंड हवा ओढ्यासारखी उतारावरून खाली वाहते. ऊन तापलं की तीच वर चढू लागते. एल्कच्या नाकाला माणसाचा वास लागला की संपलं, मग तुम्ही दगडासारखे निश्चल बसा नाहीतर झाडामागे लपा. मी लहान मुलांच्या पावडरची छोटी बाटली खिशात ठेवली होती. एक चिमूट हवेत सोडायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. नऊला पावडर आमच्या पाठीमागे, थेट ज्या राईत जनावर असेल असं वाटत होतं त्या दिशेनं गेली. उठलो, लांबचा वळसा घालून डोंगराच्या वरच्या बाजूला गेलो.

दुपारी एका ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत काहीतरी मोठं, काळपट हललं. मेहुण्यानं रायफल खांद्याला लावली नाही, दुर्बीण लावली. त्याचा मला अभिमान वाटला. लांब लोंबतं नाक, अंगभर एकच गडद रंग, पुठ्ठ्यावर फिका डाग नाही. मूस! हाही हरणांच्याच कुळातला, एल्कपेक्षा मोठा. ग्रँड मेसावर २००५पासून मूस आणून सोडले आहेत आणि आता ते चांगले वाढलेत. एल्कचं लायसन्स असताना मूस मारला तर तो गुन्हा आहे. नवख्या शिकाऱ्यांच्या हातून ही चूक होते, म्हणून कोर्समध्ये चित्रं दाखवून दाखवून डोक्यात भरवतात. एल्कची मान गडद असते, अंग फिकं, आणि पुठ्ठ्यावर बदामी-पांढरा मोठा डाग. त्याचं दुसरं नाव वापिटी, तेही मूळ अमेरिकनांच्या भाषेत पांढऱ्या पुठ्ठ्यावरूनच पडलंय.

संध्याकाळी तळावर आलो तेव्हा मेहुण्याच्या बुटाचा तळवा पुढून सुटला होता. त्यानं एका मोठ्या दुकानातून चाळीस डॉलरचे घेतले होते, मी ऐंशी जास्त घालून चांगले घ्यायला सांगत असताना. दोरीनं करकचून बांधला आणि वर चिकटपट्टी मारली. तो बूट पुढे बर्फात तसाच चालला, पण दोन बोटं बधिर झाली ती महिनाभर तशीच होती. बुटावर वाचवलेला पैसा हा वाचलेला पैसा नव्हे.

रविवार, २७ ऑक्टोबर

उजाडताना खालच्या खोऱ्यात चाळीसेक एल्क दिसले. सगळे गवताच्या कुरणात, आणि ते कुरण खासगी. फोनवरच्या नकाशात हद्दीची रेघ त्यांच्या चारशे मीटर अलीकडून जात होती. कोलोरॅडोत खासगी जमिनीला कुंपण किंवा पाटी असलीच पाहिजे असं नाही, हद्द ओळखणं ही शिकाऱ्याची जबाबदारी. अर्धा तास नुसते बघत बसलो. मग कळप शांतपणे दुसऱ्या खासगी जमिनीत गेला.

दुपारी फर नावाच्या सूचिपर्णी झाडांच्या गडद रानात एक नर उठला. दोनशे मीटर, झाडांमधून अर्धा दिसणारा. माझ्या लायसन्सला लागू असलेला नियम असा की एका शिंगाला किमान चार फाटे हवेत, किंवा कपाळाजवळचा फाटा किमान पाच इंचांचा. मला तीन मोजता आले. चौथा होता की मागच्या फांदीचा भास होता, सांगता येत नव्हतं. श्वास रोखून मी मोजत राहिलो, पुन्हा मोजलं, आणि तो चालत रानात शिरला. जे मोजता आलं नाही ते नाहीच असं धरायचं, हे आधीच ठरलेलं होतं. पाच दिवसांत मला दिसलेला तो एकमेव नर.

सोमवार, २८ ऑक्टोबर. वसुबारस

या दिवसाबद्दल मला नीट लिहायचंय.

दिवसभर काहीच नाही. ऊबदार, कोरडं, पावलाखाली पानं पापडासारखी वाजत होती. दुपारी आम्ही एका छोट्या मोकळ्या गवताळ जागेच्या वरच्या कडेला, ओकच्या झुडपांत घोंगडं अंथरून बसलो. गाडी तिथून नऊशे मीटर, वाट उताराची. पाठीच्या हिशेबात बसणारी जागा.

सहा वाजता आधी वास आला. गोठ्याचा वास. शेण, ओलं गवत, जनावराच्या अंगाची ऊब. मी मेहुण्याकडे पाहिलं, त्यालाही आला होता. आम्हा दोघांनाही तो वास लहानपणापासूनचा. मग खालच्या झुडपांतून एक मादी बाहेर आली. थांबली, कान फिरवले. तिच्यामागे पाडस. जूनमध्ये जन्मलेलं असणार, आता पाच महिन्यांचं, अंगावरचे ठिपके गेलेले, पण चालणं अजून उड्या मारतच. त्यानं आईच्या पोटाखाली नाक खुपसलं, तिनं पाय बाजूला घेतला, आणि दोघं चरू लागली.

दीडशे मीटर. मेहुण्याची रायफल काठ्यांच्या टेकूवर होती. मादीचं लायसन्स त्याचं, वेळ कायद्यात बसणारी, मागे मातीचा उतार, वारा आमच्या तोंडावर. त्यातलं काहीही आड येत नव्हतं. ऑक्टोबरअखेर पाडस स्वतः चरू शकतं आणि कळपाबरोबर जगू शकतं, हेही आम्ही वाचलेलं होतं. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. अंगठा सेफ्टीवर होता आणि तिथेच राहिला.

बराच वेळानं तो कुजबुजला, "दाजी, आज ताईनं निरसं दूध, गहू काही तोंडात घातलं नसंल. आज ह्या दोघींना नाय जमायचं."

"नको," मी म्हणालो.

अंधार पडेपर्यंत आम्ही ती माय-लेकरं बघत बसलो. शिकार ही त्याची होती आणि निर्णयही त्याचाच. तो कुणी दुसऱ्या दिवशी वेगळा घेतला तर मी त्याला दोष देणार नाही. पण गाय-वासराची पूजा ज्या घरात पाहिली त्या घरातल्या माणसाचा हात त्या संध्याकाळी उचलला गेला नाही, आणि तो उचलला गेला नाही याचं मला बरं वाटलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

रात्री बर्फ पडला. चार बोटं, पण सगळं बदललं. पानांचा आवाज बंद, आणि माग काढता येऊ लागला. सकाळी आठला पाच-सहा जनावरांचे ताजे खूर वरच्या रानातून खाली उतरताना दिसले. लेंड्या अजून वाफाळत होत्या. मेहुणा पुढे, मी दहा पावलं मागे. दर वीस पावलांना थांबायचं, बघायचं, पावडर सोडायची.

पावणेनऊला ॲस्पेनच्या पांढऱ्या खोडांमध्ये फिकी पाठ दिसली. चार माद्या, पाडस एकही नाही. दहा मिनिटं दुर्बिणीतून खात्री केली. शेवटची मादी आडवी उभी राहिली, १४० मीटर. त्यानं गुडघा टेकला, काठ्यांवर रायफल ठेवली. आवाज झाला तो मला दुसऱ्या कुणाच्या तरी बंदुकीचा वाटला, इतका तो अचानक होता. मादी साठ पावलं गेली आणि बसल्यासारखी खाली गेली. आम्ही अर्धा तास जागेवरून हललो नाही. जवळ गेलो तेव्हा डोळा उघडा होता आणि त्यात पापणी नव्हती हलत.

मेहुण्यानं टोपी काढली. मीही काढली. तो तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसला. लहानपणी आमच्या गावात म्हातारी गाय गेली की आजोबा असेच बसायचे.

मग काम. लायसन्सचा टॅग सही-तारीख घालून लगेच. नंतर एका अंगानं कातडं सोलायला सुरुवात केली. पोट न उघडता चारही पाय आणि पाठीचं मांस काढण्याची पद्धत आहे, तीच आम्ही शिकून आलो होतो. पुढच्या पायाला धडाशी जोडणारा सांधा नसतोच, फावड्यासारखं खांद्याचं हाड नुसतं मांसानं अंगाला चिकटलेलं असतं. सुरी त्याच्या आणि बरगड्यांच्या मधून फिरवली की पूर्ण पाय हातात येतो. मागच्या पायाचा सांधा मात्र शोधावा लागतो. मांडीच्या आतल्या बाजूनं बोट घालून पाय हलवायचा, खोबणीतली गोटी फिरताना बोटाला लागते, तिथली एक शीर तोडली की सुटतो. मादी असल्याचा पुरावा म्हणून कासेचा भाग एका मांडीला तसाच ठेवावा लागतो, तो ठेवला. कास कोरडी होती. तरी एक सांगायला हवं. ऑक्टोबरअखेर माजाचा काळ संपलेला असतो, त्यामुळे वयात आलेली बहुतेक मादी गाभण असते. अगदी सुरुवातीचे दिवस. हे आम्हाला आधी माहीत होतं आणि हे माहीत असूनच मादीचं लायसन्स घ्यायचं असतं.

माझ्या हातांतून वाफ निघत होती. बर्फावर घोंगडं पसरून त्यावर मांसाचे तुकडे ठेवत गेलो, मग पिशव्यांत भरलं. पाठीच्या कण्याला आणि मेंदूला सुरी लावायची नाही, ते हरणकुळातल्या जनावरांना झिजवून मारणाऱ्या एका रोगामुळे (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज). तो रोग १९६७मध्ये याच राज्यात पहिल्यांदा दिसला.

आता बासमतीच्या पिशव्या कामाला आल्या. मागची एक मांडी हाडासकट पंचवीस किलोच्या आसपास. गाडी ११०० मीटर. पहिली खेप मांड्यांची, दुसरी पुढच्या पायांची आणि पाठीच्या पट्ट्यांची, तिसरी मानेचं, बरगड्यांमधलं मांस आणि डोकं. ९,००० फुटांवर पंचवीस किलो घेऊन बर्फातून चालताना जिन्यांवरचे पाच महिने आठवत होते. श्वास पुरला. बांधलेल्या बुटासकट मेहुणा माझ्यापुढेच होता. शेवटची खेप गाडीत टाकली तेव्हा तीन वाजले होते. हेच जनावर रविवारच्या त्या फरच्या दरीत पडलं असतं तर दोन दिवस लागले असते आणि तेव्हाच्या उन्हात मांस टिकलं नसतं.

संध्याकाळी पिशव्या फांदीला उंच टांगल्या, अस्वलांच्या आवाक्याबाहेर. मेहुण्यानं गाडीच्या टपावर एक मेणबत्ती लावली. धनत्रयोदशीचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावायचा असतो, यमासाठी. मला ते आठवलं नव्हतं, त्याला आठवलं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

सकाळी मांस बाहेरून गोठल्यासारखं घट्ट. तंबू आवरला. वाट वाकडी करून ग्रँड जंक्शन शहरातल्या वन्यजीव खात्याच्या कार्यालयात डोकं त्या रोगाच्या तपासणीला दिलं. थोडी फी पडते, पण हे पैसे वाचवू नयेत. दोन जुने कूलर, त्यात घरूनच गोठवून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या, वर मांस. रात्री नऊला घरी.

जेवणाच्या टेबलावर प्लास्टिक अंथरून रात्री दोनपर्यंत कापत बसलो. दुकानात कापून घ्यायला दोनशेच्या वर लागले असते. हाडं काढून, चरबी आणि पांढरे पापुद्रे साफ करून ६१ किलो शुद्ध मांस भरलं. एल्कचं मांस गडद लाल, चरबी जवळजवळ नाही, आणि त्याला वास नाही. नीट थंड केलेल्या मांसाला वास येत नाही.

दोघांचा मिळून खर्च, रायफल धरून, साडेअकराशे डॉलर. रायफल, बूट, पिशव्या पुढच्या वर्षी आहेतच, तेव्हा पुढच्या खेपेला चारशेच्या आत भागेल.

गुरुवारी पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, फराळ. फ्रीजर भरलेला, पण दिवाळीत तो उघडला नाही. तपासणीचा निकाल यायचा होता. नोव्हेंबरच्या मध्यावर खात्याचा संदेश आला, रोग आढळला नाही. त्या रविवारी मेहुणा आला. हिनं पुढच्या पायाचं मांस कांदा-लसूण मसाल्यात घातलं. चरबी नसल्यामुळे तेल थोडं जास्त सोडावं लागतं आणि मंद आचेवर तीन तास लागतात. प्रेशर कुकरची घाई केली तर दोरखंडासारखं होतं.

जेवताना तिनं भावाला सगळं पुन्हा सांगायला लावलं, सोमवारची संध्याकाळसुद्धा. तो सांगत होता, ती भाकरी मोडत ऐकत होती. मग विचारलं, "ते पाडस असंल का रं अजून आईबरोबर?"

"असंल की," तो म्हणाला. "हिवाळाभर असतंय."